अंधार पडताच दिवा लागावा: सेन्सर लुकलुकतो तेव्हा दोष कोठे शोधावा

सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल तालुक्यात शेती असलेल्या एका भाऊंनी विचारले आहे. त्यांच्या खळ्यात गुरांचा गोठा आणि चाऱ्याची पत्र्याची शेड आहे व तेथेच सालदार कुटुंबासह राहतो. संध्याकाळी दिवा लावायला कोणी जागेवर नसते आणि सकाळी तो बंद करायचा राहून जातो, म्हणून त्यांनी बाजारातून तयार डे-नाइट सेन्सर आणून २० वॅटच्या एलईडी फ्लड लाइटला जोडला. आता रोज तिन्हीसांजेला दिवा लागतो, थोड्या वेळाने विझतो, पुन्हा लागतो, आणि हा खेळ रात्रभर चालू राहतो. यापूर्वीचा सेन्सर मे महिन्यातच निकामी झाला होता. शिवाय दिवसा दिवा बंद असतानाही त्याच्या काचेआड अंधुक उजेड दिसतो. सेन्सर बदलावा, टायमर लावावा, की अकरावीत शिकणाऱ्या मुलाला एलडीआरचे (उजेड ओळखणाऱ्या सुट्या भागाचे) सर्किट घरीच बनवू द्यावे, असे त्यांनी विचारले आहे.

भाऊ, आपण तीन पर्याय दिले आहेत, पण माझ्या मते त्यांपैकी एकही पर्याय आज निवडण्याची गरज नाही. मी गेली सव्वीस वर्षे जळगाव जिल्ह्यात घरांचे व खळ्यांचे वायरिंग आणि लहानसहान इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दुरुस्ती करतो. "सेन्सर गेला" म्हणून जे नग माझ्या टेबलावर येतात, त्यांतले बरेचसे टेबलावर अगदी नीट चालतात. काळी चिकटपट्टी लावली की रिले (दिवा चालू-बंद करणारा आतला विजेचा स्विच) ओढतो, पट्टी काढली की सोडतो. तोच नग पुन्हा भिंतीवर गेला की लुकलुकू लागतो. याचा अर्थ बिघाड नगात नसून त्याला जेथे बसवले आहे तेथे आहे. आपल्या दिव्याबाबतही मला प्रथम हाच संशय आहे. तरीही आपल्या शेडची उंची, भिंतीचा रंग आणि तेथे येणाऱ्या विजेची अवस्था मी पाहिलेली नाही, त्यामुळे खाली सांगतो त्यातले काही आपल्याला तेथेच पडताळून घ्यावे लागेल.

सेन्सरच्या आत दोन कामे चालतात. एक पाहण्याचे आणि दुसरे ठरवण्याचे. पाहण्याचे काम बहुतेक स्वस्त सेन्सरांत एलडीआर करतो. नागमोडी रेघ असलेली ती छोटी चकती म्हणजे कॅडमियम सल्फाइडचा थर होय. उजेड पडला की त्याचा विद्युतरोध घटतो आणि अंधार झाला की वाढतो. बाजारात सर्रास मिळणाऱ्या ५ मिलिमीटरच्या एलडीआरचा रोध १० लक्स (लक्स हे उजेडाचे माप) उजेडात साधारण १० ते २० किलोओहम असतो, तर पूर्ण अंधारात तो १० लाख ओहमच्या घरात जातो. (उजेडाने रोध बदलतो ही गोष्ट १८७३ साली विलोबी स्मिथ यांनी सेलेनियमवर नोंदवली, आणि तीही समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलची तपासणी करताना. त्या वेळी दिवे लावणे हा त्यांचा हेतू मुळीच नव्हता.) ठरवण्याचे काम मागचे सर्किट करते. रोध अमुक मर्यादेपलीकडे गेला की ते रिलेला ओढायला सांगते. यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की रात्र झाली आहे की नाही हे एलडीआरला कळत नाही. त्याच्या तोंडासमोर किती उजेड आहे, एवढेच त्याला कळते. तो उजेड सूर्याचा आहे, शेजारच्या बल्बचा आहे की त्यानेच लावलेल्या दिव्याचा आहे, हा भेद त्याच्याजवळ नाही.

आता आपल्या लुकलुकण्याकडे येऊ. मी जागेवर गेलो की प्रथम स्क्रू-ड्रायव्हर काढत नाही. घड्याळ घेऊन दिवा कोणत्या तालात लागतो आणि विझतो, ते पाहतो. दिवा पंधरा-वीस सेकंद किंवा मिनिटभर लागून राहतो, मग तेवढाच वेळ बंद राहतो आणि हा क्रम अगदी नियमित असतो, तेव्हा सेन्सर स्वतःच्याच दिव्याने फसलेला असतो. दिवा फडफडतो आणि रिलेची टकटक सेकंदात चार-पाच वेळा ऐकू येते, तेव्हा उजेडाचा काही संबंध नसतो; सेन्सरला विजेचा पुरेसा दाब (व्होल्टेज) मिळत नाही, असे समजावे. आणि रात्रीतून एखाद-दोन वेळा, कसलाही नेम नसताना दिवा विझून पुन्हा लागतो, तेव्हा रस्त्यावरून वळणाऱ्या ट्रॅक्टरचा हेडलाइट किंवा पावसाळ्यातील वीज त्यामागे असते. आपण "थोड्या वेळाने विझतो, पुन्हा लागतो" असे लिहिले आहे, त्यावरून पहिल्या प्रकाराची शक्यता मला जास्त वाटते. तरी एका संध्याकाळी घड्याळ लावून दहा फेऱ्या मोजाव्यात.

पहिल्या प्रकारात घडते ते असे. अंधार पडतो, सेन्सर दिवा लावतो. २० वॅटच्या एलईडीचा झगझगीत उजेड पांढऱ्या चुन्याच्या भिंतीवर, पत्र्याच्या आतल्या चकचकीत बाजूवर आणि कोरड्या अंगणावर पडून परततो व सेन्सरच्या डोळ्यात शिरतो. सेन्सरला वाटते दिवस उजाडला. आतल्या विलंबाची काही सेकंदे उलटली की तो दिवा बंद करतो. लगेच पुन्हा अंधार, पुन्हा दिवा. यात सेन्सरची काहीच चूक नाही, कारण त्याला जे शिकवले आहे तेच तो इमानाने करतो आहे. अनेक जण दिवा थेट सेन्सरवर पडू नये एवढी काळजी घेतात आणि तेवढ्यावर निश्चिंत होतात. परंतु खळ्यात थेट उजेडापेक्षा परतून येणारा उजेड अधिक त्रास देतो. विशेषतः दिवाळीच्या आधी भिंतींना नवा चुना मारला की तोपर्यंत नीट चालणारे दोन-तीन सेन्सर दरवर्षी माझ्याकडे "अचानक बिघडून" येतात.

तपासण्याचा सोपा मार्ग सांगतो. पूर्ण रात्र झाल्यावर, म्हणजे साडेआठ-नऊच्या सुमारास, एमसीबी (बोर्डावरचा मुख्य सुरक्षा-स्विच) बंद करून सेन्सर बाजूला काढावा, तारांची टोके टेप लावून सुरक्षित करावी आणि दिवा दुसऱ्या वायरने स्वतंत्रपणे लावावा. मग शिडीवर चढून, सेन्सरचे तोंड जेथे होते तेथे आपला डोळा नेऊन त्याच दिशेने पाहावे. दिवा दिसत असेल, किंवा दिव्याने उजळलेली भिंत, पत्रा, खांब, अगदी पांढऱ्या बैलाची पाठ जरी दिसत असेल, तर ती जागा सेन्सरची नव्हे. तेथून नुसते आकाश दिसायला हवे.

म्हणून सेन्सर दिव्याच्या खाली किंवा समोर न लावता दिव्याच्या वर आणि मागे लावावा, तोंड उघड्या आकाशाकडे आणि शक्यतो उत्तरेकडे करावे. उत्तरेचा आग्रह अशासाठी की त्या बाजूला वर्षातला बहुतेक काळ ऊन थेट पडत नाही आणि उजेड सावकाश, एकसारखा उतरतो. आपला जिल्हा २१ अंश अक्षांशाच्या आसपास असल्यामुळे मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत भर दुपारचा सूर्यही किंचित उत्तरेला सरकतो आणि त्या दिवसांत मावळतानाही तो बराच उत्तरेकडे झुकलेला असतो. तेव्हा थोडे ऊन सेन्सरवर येईल, पण त्याने दिवा लागण्यात अडचण येत नाही. पश्चिमेकडे तोंड केले तर मात्र उन्हाळ्यात रोज दुपारभर ऊन त्याच्या डोळ्यात राहते आणि प्लास्टिकचे झाकण दोन वर्षांत पिवळे पडते.

जागा बदलणे शक्यच नसेल तर सेन्सरला टोपी घालावी. आपल्याकडे केळीच्या बागेत ठिबकच्या १६ मिलिमीटर लॅटरलचे तुकडे हवे तितके पडलेले असतात. ती नळी काळी असते, उन्हाला टिकते आणि आतून फारसा उजेड परतवत नाही. सुटा एलडीआर असेल तर या नळीचा अडीच-तीन इंचाचा तुकडा त्यावर चढवावा, म्हणजे त्याला फक्त नळीच्या तोंडासमोरचे आकाश दिसते. तयार सेन्सर जाड असतो, त्याला ६३ मिलिमीटर पीव्हीसी पाइपाचा तुकडा आतून काळा रंगवून लावता येतो. नळीचे तोंड सरळ वर ठेवू नये, तिरपे ठेवावे आणि खालच्या कडेला खिळा तापवून एक भोक पाडावे, नाहीतर मृगाच्या पहिल्याच पावसात तिची वाटी होते. टोपी घातल्यावर सेन्सरला एकूणच उजेड कमी मिळतो, त्यामुळे दिवा आधीपेक्षा लवकर लागतो. बाजूला प्रिसेटचा (किती उजेडाला दिवा लागावा हे ठरवणाऱ्या फिरत्या स्क्रूचा) खळगा असेल तर लहान स्क्रू-ड्रायव्हरने तो किंचित फिरवावा.

प्रिसेट फिरवण्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण लोक त्यात संध्याकाळच्या संध्याकाळ घालवतात. भर उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. स्वच्छ आकाशात सूर्य मावळताना तो ४०० लक्सच्या आसपास येतो आणि सूर्य क्षितिजाखाली ६ अंश गेला की तीन-साडेतीन लक्सवर उतरतो. आपल्या अक्षांशावर या उतरणीला बावीस ते पंचवीस मिनिटे लागतात. म्हणजे ढोबळमानाने दर अकरा-बारा मिनिटांत उजेड दहापट घटतो. यातून एक मोठी सोय निघते. आपण प्रिसेट दुपटीने चुकवला, १० ऐवजी २० लक्सवर बसवला, तरी दिवा फक्त तीन-चार मिनिटे लवकर लागेल. संधिप्रकाशात उजेड इतक्या वेगाने उतरतो की काट्यावर काटा जुळवण्याचा खटाटोप वाया जातो. खरा फरक पावसाळ्यात दिसतो. जुलैतल्या एखाद्या दुपारी चार वाजता आभाळ काळेकुट्ट होते, तेव्हा मर्यादा फार वर बसवलेला सेन्सर दिवा लावून मोकळा होतो. मी साधारण १० ते २० लक्सवर, म्हणजे गुरे ओळखू येतात पण वर्तमानपत्र वाचायला त्रास होतो अशा वेळी दिवा लागेल असे बसवतो. पौर्णिमेच्या चांदण्याची भीती काही जण घालतात, ती बाळगू नये. टिपूर चांदणे पाव लक्सच्या आसपास असते आणि एवढ्याने कोणताही शहाणा सेन्सर दिवा विझवत नाही.

ठरवण्याच्या कामात याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे लागण्याची आणि विझण्याची मर्यादा वेगवेगळी असणे. समजा १० लक्सला दिवा लागतो आणि ११ लक्सला विझतो. मग वाऱ्याने निंबाची फांदी हलली तरी रिले दोन्हीकडे उड्या मारील. पण १० लक्सला लागून ८० लक्सशिवाय विझत नसेल, तर मधल्या हेलकाव्यांकडे तो लक्षच देत नाही. इंग्रजीतला हिस्टेरिसिस हा शब्द आपल्या चिरंजीवांनी पुस्तकात वाचला असेल. त्याचा व्यवहारातला अर्थ इतकाच. दिव्याचा जो उजेड परतून सेन्सरवर येतो, तो या अंतरापेक्षा बराच कमी असला म्हणजे लुकलुकणे बंद होते. अगदी स्वस्त सेन्सरांत हे अंतर फार थोडे ठेवलेले असते आणि विलंबाच्या जोरावर वेळ निभावली जाते. म्हणून तसा सेन्सर चुकीच्या जागी लावला की तो थरथरत नाही, पण सावकाश लागतो आणि सावकाश विझतो. आपल्याकडे नेमके हेच चालले असावे.

टकटक होणारा दुसरा प्रकार आपल्याकडे नाही असे गृहीत धरले, तरी त्याविषयी लिहितो, कारण मागचा सेन्सर मे महिन्यात का गेला याचे उत्तर त्यात असू शकते. तयार सेन्सरांत ट्रान्सफॉर्मर नसतो. घरच्या २३० व्होल्टमधून रिलेपुरता करंट काढण्यासाठी आत एक कॅपॅसिटर असतो. तो ०.४७ मायक्रोफॅरडचा असेल तर त्यातून जेमतेम ३३-३४ मिलिअँपिअर मिळतात आणि रिलेला जवळजवळ तेवढेच लागतात. हा कॅपॅसिटर उष्णतेने आणि दाबाच्या चढउतारांनी हळूहळू क्षीण होतो. त्याची क्षमता ०.३ मायक्रोफॅरडवर आली की रिले अर्धवट ओढतो, सोडतो, पुन्हा ओढतो आणि ती टकटक सुरू होते. असा नग उघडला की मी प्रथम तोच कॅपॅसिटर मोजतो. बदलताना ४०० व्होल्ट डीसीचा न घालता २७५ व्होल्ट एसीचा, एक्स-टू छाप असलेला घालतो. शेतीचे पंप बंद झाले की रात्री फीडरवर (गावाला वीज आणणाऱ्या लाइनवर) दाब चढतो आणि २८० व्होल्टला लाटेचे शिखर ३९६ व्होल्टवर जाते, मग ४०० च्या कॅपॅसिटरला श्वास घ्यायला जागा राहत नाही. येथेच एक सूचना. या रचनेत सेन्सरच्या आतला प्रत्येक भाग, एलडीआरच्या तारेसकट, थेट फेजशी जोडलेला असू शकतो. तेव्हा चालू असताना झाकण उघडून आत बोट घालू नये आणि मुलालाही घालू देऊ नये.

याच प्रकारातला एक अनुभव मी विसरलेलो नाही. चोपड्याकडच्या एका मळ्यात दर उन्हाळ्यात सेन्सर टकटक करायचा आणि पावसाळा लागला की आपोआप नीट व्हायचा. तीन सेन्सर बदलून झाले होते. मी टेस्ट लॅम्प लावून पाहिला तेव्हा उलगडा झाला. मळ्यात फेजची एकच तार आणली होती आणि न्यूट्रलऐवजी जमिनीत सळई ठोकली होती. मे महिन्यात काळी जमीन भेगाळून कोरडी होते, सळईभोवतीचा रोध वाढतो, दिव्याच्या भाराने दाब घसरतो आणि सेन्सर धापा टाकतो. पाऊस पडला की जमीन ओली होते आणि सगळे सुरळीत. सेन्सरचे सोडा, पण अशा सळईजवळून ओलसर जमिनीवर बैल गेला तर त्याच्या पुढच्या आणि मागच्या पायांत जीवघेणा दाब येऊ शकतो. आपल्या खळ्यात न्यूट्रलची तार खरोखर खांबावरून आली आहे का, हे वायरमनकडून आधी पाहून घ्यावे. नसेल तर सेन्सरचा विषय तेथेच थांबवून आधी ते काम करावे.

मेमधल्या मृत्यूचे दुसरे कारण साधे ऊन. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा पत्र्याला हात लावता येत नाही. बहुतेक एलडीआर ७० अंशांपर्यंतच वापरायचे असतात आणि आतले साधे इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर ८५ अंशांचे असतात. बंद काळी डबी पत्र्याला टेकवून बसवली की ही मर्यादा फार दूर राहत नाही. डबी पत्र्यापासून तीन-चार इंच सोडून, लाकडी पट्टीवर, छपराच्या सावलीत बसवावी आणि आकाशाकडे फक्त तिचे तोंड काढावे. सुटे सर्किट बनवणार असाल तर रिलेची डबी आत भिंतीवर ठेवून एलडीआर तेवढा वायरने बाहेर नेता येतो. माझ्या दृष्टीने घरी बनवण्याचा हाच सर्वांत मोठा फायदा आहे.

काही बारीक गोष्टी. उन्हाळ्यातली धूळ झाकणावर बसली की सेन्सरला लवकर अंधार वाटतो. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसले की पुरे. कुंभारीण माशीचे मातीचे घर मी तीन वेळा सेन्सरच्या तोंडावर पाहिले आहे, आणि तिन्ही वेळा तक्रार "दिवा दिवसाही बंद होत नाही" अशी होती. कोळिष्टकांचेही तेच. भारनियमनानंतर वीज आली की बरेच सेन्सर भर दुपारी काही सेकंद दिवा लावतात आणि मग बंद करतात, तो बिघाड नव्हे. तपासताना मात्र बोटाने झाकू नये, बोटातून उजेड आत जातो. काळी इन्सुलेशन टेप लावावी आणि मिनिटभर थांबावे.

दिवसा दिव्यात अंधुक उजेड दिसतो, त्याचे बहुधा कारण असे की सेन्सर फेजऐवजी न्यूट्रल तोडतो आहे. मग दिवा बंद दिसला तरी त्याच्यापर्यंत फेज पोहोचलेलीच असते आणि एलईडीला काजव्याइतके चमकायला अत्यल्प करंट पुरतो. टेस्टरने पाहावे. दिवा बंद असताना त्याच्या दोन्ही तारांपैकी एकीवर टेस्टर पेटला तर फेज-न्यूट्रल उलट जोडले आहे. तयार सेन्सरला तीन तारा असतात. फेज आत येणारी, दिव्याकडे जाणारी आणि न्यूट्रल. रंगांवर विसंबू नये, कंपनीगणिक ते बदलतात. डबीवर छापलेले चित्र पाहून जोडणी करावी. हा दोष केवळ दिसण्यापुरता नाही. दिवा बंद आहे असे समजून सालदार फ्लड लाइट पुसायला गेला तर त्याचा हात फेजवर पडेल. जोडणी बरोबर असूनही उजेड दिसत असेल, तर दिव्याची तार दुसऱ्या चालू तारेसोबत लांबवर एकाच पाइपातून गेली आहे का ते पाहावे. फारच स्वस्त, रिले नसलेल्या सेन्सरांतही थोडा करंट गळतो, तेथे मात्र सेन्सरच बदलावा लागतो.

टायमरविषयी मत विचारले आहे. आपल्या भागात सूर्य नोव्हेंबरअखेर पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि जुलैच्या आरंभी सव्वासातच्या आसपास. दीड तासाचा हा फरक साध्या टायमरला कळत नाही, म्हणून वर्षातून चार-पाच वेळा वेळ बदलावी लागते. वीज गेली की काट्याचा टायमर मागे पडतो, हे वेगळेच. अक्षांश-रेखांश भरून सूर्यास्त मोजणारे टायमर मिळतात. ते चांगले असतात आणि ना धूळ, ना माशी, ना परतलेला उजेड, कशानेही फसत नाहीत. पण एका दिव्यासाठी ती किंमत मला पटत नाही. ग्रामपंचायतीचे चाळीस दिवे एका ठिकाणाहून चालवायचे असतील तर मी तोच सुचवीन, सोबत कॉन्टॅक्टर (मोठा भार पेलणारा रिले) लावून. तेवढा भार सेन्सरच्या रिलेवर टाकला तर एलईडी सुरू होतानाच्या करंटच्या झटक्याने रिलेचे पॉइंट चिकटतात आणि दिवे दिवसाही जळत राहतात. डबीवर छापलेले १० अँपिअर जुन्या पिवळ्या बल्बांसाठी असतात, एलईडीसाठी त्याचा चौथा हिस्सा धरावा, असा माझा शिरस्ता आहे.

आता चिरंजीवांच्या सर्किटविषयी. त्याला जरूर बनवू द्यावे, फक्त वीजपुरवठा १२ व्होल्टच्या चांगल्या अ‍ॅडॉप्टरवरून घ्यावा, कॅपॅसिटरची ती चलाखी घरी करू नये. ५५५ हा आयसी (आठ पायांची तयार चिप) यासाठी मला सर्वांत सोयीचा वाटतो. पिन २ आणि ६ एकत्र जोडाव्यात. त्या जोडापासून १२ व्होल्टकडे एलडीआर आणि जमिनीकडे, म्हणजे मायनसकडे, ४७ किलोओहमचा प्रिसेट लावावा. प्रिसेटच्या ओळीत एक किलोओहमचा रोध असू द्यावा. पिन ८ आणि ४ प्लसला, पिन १ मायनसला, आणि पिन ५ वर ०.०१ मायक्रोफॅरड. पिन ३ आणि मायनस यांच्यामध्ये १२ व्होल्टचा रिले, आणि त्याच्या कॉइलवर १एन४००७ डायोड, पट्टीची बाजू पिन ३ कडे. हा डायोड विसरला तर रिले सुटताना उठणारा उलटा झटका आयसीला मारतो. अंधारात एलडीआरचा रोध वाढतो, जोडावरचा दाब ४ व्होल्टखाली गेला की रिले ओढतो आणि ८ व्होल्टच्या वर गेल्याशिवाय सोडत नाही. म्हणजे लागताना आणि विझताना एलडीआरच्या रोधात चौपट फरक पडावा लागतो, आणि उजेडाच्या हिशेबात तो सात ते दहा पट होतो. बाजारातल्या स्वस्त सेन्सरात नसलेले अंतर येथे फुकटात मिळते. हिशेब असा: १० लक्सला एलडीआर १५ किलोओहम असेल, तर प्रिसेट त्याच्या निम्म्यावर, साडेसात किलोओहमवर बसवावा. हेडलाइटसाठी पिन २-६ वर मोठा कॅपॅसिटर लावण्याचा सल्ला त्याला कोणीतरी देईल. तो उपाय लंगडा आहे, कारण उजेड पडताच एलडीआरचा रोध घटून तो कॅपॅसिटर लगेच भरतो. लॅटरलची नळी आकाशाकडे तोंड करून लावणे त्याहून खात्रीचे. २३० व्होल्टची बाजू, म्हणजे रिलेच्या पॉइंटपासून दिव्यापर्यंतची, मात्र वायरमनने जोडावी आणि तिला स्वतंत्र एमसीबी असावा.

विजेची बचत किती, हे आपण विचारलेले नाही, तरी लोक नंतर विचारतातच. २० वॅटचा दिवा दिवसाचे बारा तास विनाकारण जळला तर वर्षाला सुमारे ८८ युनिट जातात. सेन्सर स्वतः एक वॅट खातो असे धरले तर त्याचे वर्षाला पावणेनऊ युनिट होतात. म्हणजे २० वॅटच्या दिव्याला सेन्सर परवडतो, पण ओट्यावरच्या तीन वॅटच्या झिरो बल्बला, आणि तोही आठवणीने बंद करणारी आजी घरात असताना, परवडत नाही. वीज नसते तेव्हा सेन्सर काही करू शकत नाही, हेही उघड आहे. केळीच्या बागेतून रात्री पाणी बदलून येणाऱ्या सालदाराला पायवाटेवर घोणस दिसावी हा मुख्य हेतू असेल, तर त्या वाटेवर एक सोलर दिवा वेगळा लावावा. त्याला एलडीआर लागत नाही, त्याचे पॅनेलच सेन्सरचे काम करते. पॅनेलचा दाब घसरला की दिवा लागतो. फक्त ते पॅनेल आपल्या फ्लड लाइटच्या उजेडात येऊ देऊ नये, नाहीतर तो दिवा रात्रभर लागणारच नाही आणि आपण पुन्हा सेन्सर गेला असे लिहाल.

तेव्हा आपल्या दिव्यासाठी क्रम असा ठेवावा. आधी न्यूट्रलची खात्री, मग फेज-न्यूट्रलची जोडणी, मग घड्याळ लावून दहा फेऱ्या. त्या फेऱ्या नियमित निघाल्या तर सध्याचाच सेन्सर दिव्याच्या वर, पत्र्यापासून सोडून, उत्तरेकडे तोंड करून बसवावा आणि त्याला पाइपाची टोपी घालावी. हे सगळे करूनही लुकलुकणे राहिले, तर दिवा किती सेकंद लागतो आणि किती सेकंद बंद राहतो ते दोन्ही आकडे, आणि सेन्सरसमोरच्या भिंतीला नुकताच चुना मारला आहे का, एवढे मला कळवावे.